बिनवासाची गोळी

मी काय नोकरी करायचे, हे माझ्या नवऱ्याला अजूनही चारचौघांत नीट सांगता येत नाही. ‘ही पेस्ट कंट्रोलमध्ये होती,’ असं तो म्हणतो आणि समोरचा माणूस ताबडतोब विचारतो, ‘मग झुरळांवर काय चांगलं हो वहिनी?’ झुरळांशी माझा आयुष्यात संबंध आला तो फक्त स्वतःच्या मोरीत. माझं खातं पतंगांचं. धान्यातले, पिठातले, सुक्या मेव्यातले ते नखाएवढे पतंग. डबा उघडला की फडफडत तोंडावर येतात, ते. आणि त्यांना मारणं हेही माझं काम नव्हतं. मारणारी माणसं वेगळी, ती औषध आणि मुखवटे घेऊन मागाहून यायची. मी आधी जायचे आणि पतंग कोणते, कुठून येतायत ते शोधून काढायचे. त्यासाठी नरांना फसवावं लागतं. सरळ सांगायचं तर मला पगार नरांना फसवण्याचा मिळायचा, आणि सासूबाई हयात असेपर्यंत हे वाक्य मी घरात उच्चारलं नाही.

फसवायचं कसं, ते सांगते. पतंगाच्या मादीला वणवण करत नवरा शोधायची हौस नसते. दिवेलागणीला ती एका जागी बसते, शेपटीचं टोक वर करते आणि तिथून एक वास सोडते. आपल्या नाकाला तो बिलकूल कळत नाही. नराच्या मिशांना मात्र तो लांबून लागतो आणि हवेतून त्याचा माग काढत तो वेडावाकडा उडत येतो. हाच वास आता कारखान्यात बनवतात आणि रबरात मुरवतात. औषधाच्या ड्रॉपरला मागे रबरी बोंडूक असतं ना, तेवढं रबर. आम्ही त्याला गोळी म्हणायचो. आतून गोंद लावलेलं पुठ्ठ्याचं एक तिकोनी घर, त्यात ही गोळी ठेवायची आणि घर गोदामात टांगून द्यायचं. नर येतात, बाईसाहेब कुठे दिसत नाहीत म्हणून भिरभिरतात आणि गोंदाला चिकटतात.

खरी गंमत पुढेच आहे. या पतंगांत सख्खे चुलत म्हणावेत असे दोन भाऊ आहेत. एकाचे पंख अर्धे फिकट, अर्धे तांब्याच्या रंगाचे. दुसरा अख्खा राखाडी, त्याला बदाम-खजूर फार प्रिय. आम्ही त्यांना तांबडे आणि राखाडी एवढंच म्हणायचो, शास्त्रीय नावं फक्त रिपोर्टात. दोघांच्या माद्यांचा मुख्य वास एकच. मग तांबडा राखाडीच्या घरी का जात नाही? तर चाळीच्या जिन्यात उभं राहिलं की कोणीतरी मसाला भाजतंय, इतकंच कळतं. दारापाशी गेलं की कळतं, हा मालवणी आणि हा गोडा. धणे-मिरच्या दोन्हीकडे, फरक वरून पडणाऱ्या चिमटीचा. पतंगांचंही तेच. लांबून हाक सारखी, जवळ आल्यावर चिमूट वेगळी. तांबडीच्या वासात तर अशी एक चिमूट असते, की ती राखाडी नराला चक्क परत पाठवते. एवढ्यातूनही कोणी चुकून पुढे गेलाच, तर शेवटची परीक्षा बाकी असते. नर समोर जाऊन पंख फडफडवतो आणि स्वतःचा वास तिच्याकडे ढकलतो. तो ओळखीचा नसला तर बाई उठून चालू लागते.

आमच्या स्वस्तातल्या गोळीत मात्र फक्त सामाईक वास, चिमूट नाहीच. त्यामुळे तिला तांबडेही फसतात आणि राखाडीही. म्हणून सापळ्यात किती आले याच्याआधी कोण आले हे बघायला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार द्यावा लागतो. माझं घर त्या चिमटीवर चाललं म्हणा ना.

(तांदळातल्या पतंगात तर उलटी गंगा. तिथे नर वास सोडतो आणि मादी शोधत येते. हे ऐकून माझी नणंद ‘बरोबर आहे’ एवढंच म्हणाली. का, ते मी विचारलं नाही.)

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. शिवडीला एका गोदामाच्या सुपरवायझरने सगळे सापळे हौसेने दारात टांगले. ‘आत यायच्या आधीच धरू ना मॅडम!’ कल्पना पोलिसी होती, पण गोळी म्हणजे आमंत्रण असतं हे तो विसरला. बंदरावरच्या साऱ्या गोदामांतले नर त्याच्या दाराशी जमले, निम्मे गोंदाला लागले आणि उरलेले पाहुणे म्हणून आत गेले. दुसरे एक गिरगावातले सुक्या मेव्याचे व्यापारी. अत्यंत सज्जन, मुंगीसुद्धा ओलांडून जाणारे. मी सापळा काढून दाखवल्यावर गोंदाकडे बघून त्यांनी डोळेच मिटले. ‘बेन, गोंद नको. त्यांना बोलवा, आणि नुसतं निराश करून परत पाठवा. असं नाही होत?’ तेव्हा मी हसले होते. पुढे तसंच तंत्र निघालं. अख्ख्या गोदामात इतका वास भरून टाकायचा, की नराला मादी कुठे आहे तेच कळू नये आणि बिचारा ब्रह्मचारी मरावा. शेठजींना मी फोन करून कळवलं. ‘मी तर आधीच सांगितलं होतं,’ ते म्हणाले, आणि पावशेर मनुके पाठवले.

गोळी उघड्या हाताने धरायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. वास आपल्याला येत नाही, पण तो लागतो आणि सुटता सुटत नाही. माझ्या बाबतीत हे सिद्ध झालं दादरच्या एका हॉलमध्ये, भाचीच्या लग्नात. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या पदरावर एक पतंग येऊन बसला. मग दुसरा. मग आणखी. हॉलच्या कोठीघरात बदाम कसे ठेवले असतील ते मी बसल्या जागी ओळखलं, पण मुलाकडच्या एक बाई भक्तिभावाने म्हणाल्या, ‘तुमचे कुलदैवत आले हो आशीर्वादाला.’ मी हात जोडले. दुसरं काय करणार?

तर आता सुलभाताईंची गोष्ट. माझ्या नोकरीच्या अगदी शेवटी-शेवटीची, आणि मला सगळ्यात जास्त आठवते ती.

परळच्या एका चाळीत तळमजल्याच्या खोलीत पाच-सहा बायका मिळून भाजणी करायच्या. थालिपिठाची बारा महिने, चकलीची दिवाळीला. सुलभाताई म्होरक्या, मूळच्या कणकवलीकडच्या, आवाज खणखणीत. त्यांच्या खोलीत एकदा तांबडे झाले होते, तेव्हापासून आमची ओळख. खोली साफ झाली, पण सावधगिरी म्हणून मी एक सापळा टांगून ठेवला होता आणि पुढे लागणाऱ्या गोळ्या बंद पाकिटात देऊन ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असं सांगितलं होतं.

त्या वर्षी त्यांना लोअर परळच्या एका मोठ्या दुकानात शेल्फ मिळालं होतं. गिरणी चालू असताना जिथे त्यांचे सासरे साच्यावर उभे राहायचे, त्याच कंपाउंडात. दिवाळी तोंडावर आणि एके दुपारी त्यांचा फोन आला.

‘मेधाताई, येवा गो बेगीन. दुकानवाल्यान आमचो सगळो माल बाजूक काढल्यान. पतंग गावले म्हणता.’

मी गेले तर खोलीत भाजलेल्या डाळी चादरीवर गार होत पडलेल्या आणि बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. दुकानाने नवा माल थांबवला होता. पतंग यांचेच निघाले तर शेल्फ जाणार, कायमचं. पण त्याहून वाईट म्हणजे रेखा यायची बंद झाली होती. रेखा धणे-जिरे भाजायची, स्वतःच्या घरी, कारण तिला तिची कढई आणि तिची शेगडीच लागायची. अशी भाजणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. धणे तडतडायच्या आत नुसत्या वासावर ती गॅस बंद करायची. पतंगाची बातमी आल्यावर कोणीतरी बोललं, की डाळी तर इथे आपल्यासमोर असतात, बाहेरून येतात ते फक्त धणे. झालं. बायका तिच्या घरी जाऊन डबे उघडून बघून आल्या. डब्यात काही नव्हतं. तरी दुसऱ्या दिवसापासून रेखाचं दार बंद.

‘मी नाय गेलंय डबे बघूक,’ सुलभाताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘पण मी आडवलंय पण नाय कोणाक.’

संध्याकाळी आम्ही दोघी दुकानात गेलो. सुलभाताईंनी ताज्या भाजणीचं एक पाकीट आपल्या नेहमीच्या कापडी पिशवीत घेतलं, दाखवायला. मॅनेजर ग्लेन नावाचा पोरगेला माणूस, दादरचा, घरात मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची मराठी बोली बोलणारा. चेहऱ्यावरून कळत होतं, की त्याला हे सगळं नको होतं.

‘मॅडम, माझी ममा पण यांचीच भाजणी घेते. पण तुम्हीच बघा. एवढ्या शेल्फवर एवढ्या कंपन्यांचा माल, आणि रोज सकाळी पतंग बसलेत ते फक्त आँटींच्या पाकिटावर. बाजूला मैदा आहे, त्याच्यावर एक नाय! मी वरती काय सांगू?’

बाजूला काढलेला माल मागच्या खोलीत होता, त्यावर चार-पाच पतंग अजून बसलेले. मी भिंग काढलं. सगळे राखाडी. उलटे करून शेपट्या बघितल्या, सगळे नर. दोन पाकिटं फोडून भाजणी चाळली. जाळी नाही, अळी नाही, काही नाही.

‘ग्लेन, हे यांच्या खोलीतले नाहीत,’ मी म्हटलं. ‘तिथे व्हायचे ते तांबडे. आणि भाजणीतून निघाले असते तर माद्याही असत्या. बदाम कुठे ठेवता तुम्ही?’

त्याने मान वळवली. पलीकडच्या भिंतीला बदामाच्या आणि खजुराच्या पेट्या होत्या, दिवाळीच्या गिफ्ट बॉक्ससाठी आणलेल्या. खालची पेटी उघडली तर बदाम एकमेकांना जाळीने चिकटलेले. ग्लेनने कपाळावर हात मारला.

‘बॉक्स भरायला उद्या सुरुवात होणार होती,’ तो म्हणाला. सुलभाताईंनी एवढा मोठा श्वास सोडला, की मलाही हलकं वाटलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली.

पण पोरगा हुशार होता. ‘ओके मॅडम, बदामातून आले. मानलं. मग बदामावरच बसा ना रे बाबांनो! ही भानगड आँटींच्याच पाकिटावर का?’

प्रश्न बिनतोड होता. नर असा एका जागी गोळा होतो तो एकाच कारणासाठी, आणि भाजणीच्या पाकिटावर मादी कुठून येणार? दिवेलागण झालीच होती. मी त्याला खोलीतले मोठे दिवे बंद करायला सांगितले आणि सुलभाताईंकडचं ताजं पाकीट एका खोक्यावर ठेवून आम्ही वाट बघत उभे राहिलो. पतंग उठले. एक आला, दोन आले. ताज्या पाकिटाभोवती फिरले आणि मग ते सोडून सरळ सुलभाताईंच्या खांद्याकडे वळले. पिशवीवर बसले, पंख फडफडवायला लागले. पेट्यांमागून आणखी येत होते. खांद्यावर रिकामी पिशवी घेऊन सुलभाताई थिजून उभ्या होत्या, आणि साऱ्या खोलीतले नर त्या पिशवीवर लग्नाला आल्यासारखे नाचत होते.

मी पिशवीत हात घातला. तळाशी, शिवणीच्या कोपऱ्यात, माझीच एक गोळी होती.

ग्लेनची पाठ होती. तो फोन लावून बदामांबद्दल कोणाशी तरी बोलत होता. मी धंद्यातला पहिला नियम विसरून मूठ मिटली. माझ्या डोक्यात सगळा हिशेब तेवढ्यात झाला. बदाम त्यांचे, पतंग त्यांचे, अळ्या त्यांच्या. एवढं पुरेसं आहे. ‘का’ला काहीतरी शास्त्रीय उत्तर देऊ, तो काय विचारणार आहे पुढे? गोळीचं नाव निघालं तर वरचे साहेब एवढंच ऐकणार की या बायकांनी दुकानात पतंग बोलावले, आणि शेल्फ जाईल. सुलभाताईंनी माझ्या मुठीकडे बघितलं. मग हळूच विचारलं, ‘ती गोळी ना?’

मी मान हलवली.

‘पाकीट खोललंय आणि हुंगलंय,’ त्या कुजबुजल्या. ‘वासच नाय तिका. माका वाटला खराब झाली. तुमका परत दिवंक म्हणान पिशयेत टाकलंय आणि इसारलंय.’

मला त्यांचा राग येईना. त्यांचा सगळा जन्म नाकावर गेलेला. हरभरा जुना की नवा, तीळ खवट की ताजे, डाळ कितपत भाजली, सगळं नाक सांगणार. ज्याला वास नाही ती वस्तू मेली, हा त्यांच्या धंद्यातला नियम, आणि त्यात चूक काहीच नाही. बिनवासाचं काही इतकं जिवंत असू शकतं, हे आम्हालासुद्धा पुस्तकातून शिकावं लागलं. त्याच पिशवीतून रोज पाकिटं दुकानात गेली आणि एकेक पाकीट त्या वासात माखून गेलं.

‘गप्प बसा,’ मी म्हटलं. ‘बदामावर भागलंय.’

‘आणि रेखाचा काय?’

‘बदामांतून आले म्हटलं की रेखाही सुटली.’

‘नाय सुटणा,’ त्या म्हणाल्या. ‘बदामातले आमच्याच पाकिटार कित्याक, ह्या बायका पण इचारतले. आज नाय तर फुडल्या वर्षी. मग परत तिचेच डबे.’

आणि त्या ग्लेनकडे गेल्या. माझ्या मुठीतली गोळी त्यांनी मागून घेतली आणि त्याच्यासमोर धरली. त्याच्याशी त्या शुद्ध मुंबईच्या मराठीत बोलल्या, एकेक शब्द नीट.

‘बाळा, तुझ्या बदामात किडे आहेत ते खरं. पण ते आमच्या पाकिटावर मी बोलावले. ही मादीच्या वासाची गोळी आहे, माझ्या पिशवीत राहिली होती. चुकून. आमच्यातल्या दुसऱ्या कोणाचा यात हात नाही. आता तुला वर काय सांगायचं ते सांग.’

ग्लेन गोळीकडे बघत राहिला. मग नाकाशी नेऊन त्याने ती हुंगली, सगळे हुंगतात तशीच. मी त्याला काय, कसं ते सांगितलं. या बाईने आपलं शेल्फ स्वतःच्या हाताने घालवलं, असंच मला वाटत होतं.

‘आँटी,’ तो शेवटी म्हणाला, ‘ही गोळी नसती तर आम्हाला कळलंच नसतं. उद्या ते बदाम बॉक्समधून लोकांच्या घरी गेले असते. माझी नोकरी गेली असती ना!’ मग घाईघाईने मॅनेजरचा आवाज काढून म्हणाला, ‘जुना माल परत न्या. नवीन माल, नवीन पिशवी, परवा सकाळी. वरती मी बघतो.’

बाहेर आल्यावर मी सुलभाताईंना म्हटलं, चला, चहा घेऊ. त्या म्हणाल्या, आधी रेखा. मला वाटलं होतं आता त्या आनंदात असतील, पण त्यांचा चेहरा दुकानात जाताना होता त्याहून उतरलेला होता. मॅनेजरला सांगणं सोपं होतं. तो परका.

रेखाने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. सुलभाताईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. गोळी, पिशवी, बदाम. ‘माझी चूक होती आणि मी तुझ्यावर येऊ दिली,’ एवढं म्हणताना त्यांचा खणखणीत आवाज पार बसला. रेखा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. वयाने धाकटी, अंगाने किरकोळ, पण त्या घडीला तिच्याकडे बघायची माझी छाती होईना.

‘माझ्या डब्यांत नाक घातलं सगळ्यांनी,’ ती म्हणाली. ‘माझ्या मुलीसमोर. तुम्ही त्यांना आडवलं नाहीत, ताई.’

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी गोण्यांतले, पेट्यांतले, भिंतीच्या भेगांतले किडे शोधले. चार दिवस संशयात राहिलेल्या माणसाचं काय करायचं, ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

‘परवा माल द्यायचाय,’ सुलभाताई कशाबशा म्हणाल्या. ‘तू आलीस तर... नाही आलीस तरी मी आता सगळ्यांना सांगणार आहे. तुझ्यासमोर नाही तर तुझ्यामागे.’ आणि त्या वळल्या.

खोलीत सगळ्या बायका होत्या. सुलभाताईंनी बसायच्या आधी, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. एकीने डोळ्याला पदर लावला, एक उगाचच चादरीची सुरकुती काढत बसली. भाजणी दळायला न्यायची होती आणि हात कोणाचेच उठत नव्हते.

दारात पावलं वाजली. रेखा आत आली. कोणाकडेही न बघता ती कोपऱ्यातल्या परातीपाशी गेली. तिच्या गैरहजेरीत सुलभाताईंनीच भाजलेले धणे होते तिच्यात. तिने मूठभर उचलले, चोळले आणि नाकाशी नेले.

‘करपलेत,’ ती म्हणाली. ‘हे कोणी भाजले?’

‘मी,’ सुलभाताई म्हणाल्या.

‘तरीच.’ तिने मूठ परातीत झटकली आणि पदर कमरेला खोचला. ‘नवे काढा. आणि जरा बाजूला व्हा सगळ्या, माझी कढई आणायची आहे.’